फोनला नाक दिसत नाही

रेडिओवर माझं नाव आलं तेव्हा मी चहात साखर ढवळत होते. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळतच राहिले.

नुवुयाकमध्ये, उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या गावात, रेडिओ म्हणजे गावाचं तोंड. कुणाची कुत्री सुटली, कुणाच्या दारात शिकारीचा सील कापायला घेतलाय तर या आणि वाटा न्या, कुणाला मुलगी झाली आणि तिला कुणाचं नाव दिलं, सगळं तिथेच कळतं. त्या सकाळी निवेदिका खाण कंपनीचा अहवाल आमच्या भाषेत करून वाचत होती. वसंतात, खाडी अजून गोठलेली असताना, बर्फ फोडत खनिजाची जहाजं आणायची कंपनीला परवानगी हवी होती. ती द्यायची की नाही हे ठरवायला सरकारी मंडळाची माणसं पुढच्या आठवड्यात दक्षिणेतून येणार होती. चाचणीचं एक जहाज आधी आणून बघितलं होतं, त्यावरून अहवालाचं म्हणणं असं, की जहाज गेल्यावर बर्फ पुन्हा जुळतो, हे उपग्रहाच्या चित्रांत दिसतं. आणि जहाज येतं त्या वेळी खाडीत नारव्हाल नसतातच, तेव्हा त्या देवमाशांना त्रास व्हायचा प्रश्नच नाही. पाण्याखालच्या आवाजांवरून हे सिद्ध झालंय. आवाजांच्या नोंदी घेणारी व्यक्ती: रोडा साउमिक, नुवुयाक.

रोडा हे चर्चने दिलेलं. साउमिक हे खरं नाव, आणि ते माझ्या एकटीचं नाही.

मी जन्मले त्याच्या आधी थोडेच दिवस गावातली साउमिक म्हातारी वारली होती. तिचं नाव मला दिलं. तेव्हापासून तिचा मुलगा कुप्पाक मला आई म्हणतो. मी पाठीवरच्या झोळीत अंगठा चोखत होते तेव्हाही म्हणायचा, आणि आता त्याच्या तोंडात मोजके दात उरलेत तरी म्हणतो. पाय ओले करून आला की मी त्याला झापते, आणि तो निमूट ऐकून घेतो. दक्षिणेतून आलेल्या लोकांना याचं हसू येतं. येऊ दे. त्यांच्याकडे माणूस मेला की मेला, आमच्याकडे तो नावातून परत येतो आणि पोरांना रागावतो.

रेडिओ बंद व्हायच्या आत कुप्पाक दारात उभा होता. टकटक करायची आमच्यात पद्धत नाही. टकटक पोलीस करतात.

"आई."

"काय रे बाळा? आत ये, दार लाव."

"तू असं म्हणालीस?"

"मी नाही म्हणाले."

"रेडिओवर तुझं नाव घेतलं."

"नाव माझं आहे, बोलणं माझं नाही."

"मग नाव तिथे गेलं कसं? नाव म्हणजे काय कुत्रं आहे, दोर तोडून पळायला?"

तो बसला. मी पुढे केलेला चहा त्याने हातात धरला, प्यायला नाही.

"माझी आई मारायची," तो म्हणाला. "बूट मिळाला नाही तर मासा हाणायची. पण खोटं कधी बोलली नाही. आणि तू सगळ्या गावासमोर..." त्याने कप खाली ठेवला. "त्या दिवशी मी बर्फाच्या काठावर होतो. चाचणीचं जहाज आलं त्या दिवशी. नारव्हाल खालीच होते. काठाला चिकटून, एकही हलत नव्हता. मला वाटलं मेले सगळे. जहाज डोळ्यांना दिसायच्या आधीच ते गप्प झाले होते."

"मला ठाऊक आहे. मीही तेच ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"काहीच नाही."

"हां," कुप्पाक म्हणाला. "म्हणजे तेच."

त्याला कळलं. शाळेत न गेलेल्या माणसालाही कळलं, याचं नवल मी करणार नाही, कारण ज्यांनी अहवाल लिहिला त्यांनाही ते कळत होतं. माझ्या संतापाचं मूळ तिथेच आहे.

माझं काम सांगते. गावाच्या टोकाला संशोधन केंद्राची लाल खोली आहे, ती मी सांभाळते. खाडीच्या तोंडाशी, बर्फाखाली, आमचा माइक तळाला बांधलेला असतो. बर्फाला भोक पाडून तो वर काढायचा, त्यातले आवाज उतरवून घ्यायचे, कानाला लावून बसायचं आणि कोण बोललं ते लिहायचं. नारव्हाल भलते बडबडे. टकटक करतील, गंजलेल्या बिजागरीसारखे कुरकुरतील, मधेच शिट्टी मारतील. मग फार लांबून जहाजाची घरघर येते, इतकी बारीक की आपण ती ऐकली की नाही असा संशय यावा. आणि बडबड बंद. वर्गात मास्तर आल्यावर होते तशी. जहाज जवळ येतं, वरचा बर्फ कडाकडा फुटतो, जहाज निघून जातं. घरघर विरत जाते आणि एकदम, अगदी माइकपाशी, पुन्हा टकटक सुरू. पूर्ण आवाजात. ते लांब पळून परत आले असते तर आवाज आधी बारीक आला असता आणि मग वाढत गेला असता. तसं झालं नाही. ते तिथेच होते. जीव मुठीत धरून गप्प बसले होते.

हे सगळं मी लिहून पाठवलं होतं. कुणाला? दक्षिणेतल्या आमच्या संशोधकाला, डॉक्टर लिडियार्डला. ऐकायचं कसं ते मला त्यानेच शिकवलं. माणूस वाईट नाही. माझ्या घरी नारव्हालचं कातडं, आमचं मक्ताक, त्याने तोंड वेडंवाकडं न करता खाल्लंय, आणि पुन्हा मागितलंय. कुप्पाक घरी गेला तसा मी लिडियार्डला फोन लावला.

"रोडा! कसा आहे बर्फ?"

"बर्फाचं सोड. नारव्हाल नव्हते असं तू लिहिलंस?"

"मी? छे. मी लिहिलं, 'आवाजाची नोंद झाली नाही.' ते खरंच आहे."

"मग 'नव्हते' कुणी लिहिलं?"

"ते कंपनीच्या सारांशात असेल. तो विभाग वेगळा आहे."

"आणि ते गप्प का होते, ते मी लिहिलं होतं. ते कुठे गेलं?"

"परिशिष्टात आहे. शब्द न् शब्द आहे, मी काही कापलं नाही."

"रेडिओवर परिशिष्ट वाचलं नाही."

"परिशिष्ट कोण वाचतं!" तो हसला. मग माझ्या बाजूने हसू येईना, तेव्हा थांबला. "हे बघ, मलाही बरं वाटलं नाही. पण प्रत्येकाने आपापलं काम चोख केलंय. उपग्रहाची चित्रं बघणारी ती पोरगी, तिने लिहिलं, 'फुटलेला पट्टा पुन्हा गोठला.' तेही खरं आहे."

खरं तर होतंच. पट्टा गोठला होता. फुटलेल्या बश्या ढीग करून ठेवाव्यात तसा गोठला होता, छातीइतक्या उंच धारदार फळ्या, स्लेज सोडा, कुत्रंही पलीकडे जाईना. पलीकडच्या शिकारीच्या छावणीतली बायकापोरं अडकून पडली होती. आभाळातून बघितलं की पांढरं ते पांढरं.

म्हणजे बघा. पोरीने खरं लिहिलं, लिडियार्डने खरं लिहिलं, मी खरं लिहिलं. अख्ख्या अहवालात एक आकडा खोटा नव्हता, आणि अहवाल मात्र धडधडीत खोटा. कुणी एक जण खोटं बोलला असता तर त्याची गचांडी तरी धरता आली असती. इथे सगळे हात स्वच्छ, आणि घाण माझ्या नावावर.

"माझं नाव काढ," मी म्हणाले.

"अहवाल सादर झालाय गं. आता काही म्हणायचं तर सुनावणीत, मंडळासमोरच. आणि खरं सांगू? त्याने फार फरक पडेल असं वाटत नाही. गावाने तशी संमती दिलीच आहे ना."

"कुणी? कधी?"

"हिवाळ्यातल्या सभेत. विचारलं होतं सगळ्यांना. कुणीच नाही म्हणालं नाही. रेकॉर्डिंग आहे."

मी फोन ठेवला. डोकं असं भणभणलं की हातमोजे न घालताच बाहेर गेले आणि बोटं बधिर होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

हिवाळ्यातली ती सभा मला लख्ख आठवत होती. वादळामुळे मंडळाचं विमान उतरलं नव्हतं, म्हणून सभा फोनवर झाली. शाळेच्या सभागृहात टेबलावर फोन ठेवला होता, त्याभोवती अख्खं गाव. पलीकडून मंडळाच्या अध्यक्षबाई बोलत होत्या आणि त्यांच्याच शेजारी बसलेला दुभाषा ते आमच्या भाषेत सांगत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "वसंतात बर्फ फोडून जहाजं येऊ द्यायची का?"

आता, आमच्यात हो म्हणायचं तर भुवया वर करतात. नाही म्हणायचं तर नाक आक्रसतात. लहान मूल बोलायच्या आधी हे शिकतं. एवढ्याशा गोष्टीसाठी तोंड उघडायचं म्हणजे समोरच्याला मठ्ठ समजल्यासारखं होतं. तर अख्ख्या सभागृहाने त्या फोनकडे बघून नाक आक्रसलं. कुप्पाकने इतकं जोरात आक्रसलं की त्याचा चष्मा घसरला. मग लाइन खरखरली, अध्यक्षबाई काहीतरी म्हणाल्या ते कुणाला नीट ऐकू आलं नाही, आणि फोन कटला. आम्ही म्हटलं, झालं, एकमताने नाही सांगितलं. सगळे खुशीत घरी गेले. काहीजणांनी तर वाटेत मला सांगितलं, सभा असावी तर अशी, वादावादी नाही, काही नाही.

सुनावणीच्या दिवशी आभाळ निरभ्र होतं आणि विमान उतरलं. अध्यक्षबाई, पेल्टियर त्यांचं नाव, उंच, थकलेल्या डोळ्यांच्या. त्यांच्या बाजूला कंपनीचा वकील, नव्या कोऱ्या जाड कोटात घामेजलेला, कारण सभागृह गच्च भरलं होतं आणि हीटर फुल्ल होता. दुभाषी मात्र या वेळी गावातलीच होती, इलिसापी, माझी मामेबहीण. टेबलावर रेकॉर्डिंगचं यंत्र.

माझी पाळी आली तशी मी ते आवाज लावले. भाषण केलं नाही. नारव्हालांची बडबड सुरू झाली आणि पोरं खुदखुदली. मग ती लांबची घरघर. मग शांतता.

मी ती शांतता चालू ठेवली. जहाजाचा आवाज वाढत गेला, आणि त्याखाली काही नाही. वकील चुळबुळला.

"हे असं किती वेळ?"

"जहाज जाईपर्यंत," मी म्हणाले. "त्यांना तेवढं थांबावं लागलं. तुम्हीही थांबा."

बर्फ फुटल्याचा आवाज आला, तसा कुप्पाकने डोळे मिटून घेतले. मग घरघर विरली आणि एकदम टकटक, कुरकुर, शिट्ट्या, सगळा बाजार पुन्हा सुरू. मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, "लागल्या बाई कुचाळक्या करायला," आणि सभागृह हसलं. पेल्टियरबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

वकील उठला. "हे ऐकायला छान आहे. पण शांतता हा पुरावा होऊ शकत नाही."

"तुमच्या अहवालात तर तोच पुरावा आहे!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुम्ही वापरली की शांतता पुरावा, आणि मी वापरली की नुसती शांतता?"

"शिवाय गावाची संमती आहे," तो म्हणाला, आणि त्याने त्याचं रेकॉर्डिंग लावलं.

पेल्टियरबाईंचा आवाज आला. दुभाष्याचा आला. येऊ द्यायची का? मग नुसती खरखर. कुणीतरी खोकलं. खुर्ची सरकली. मग बाईंचाच आवाज, "ठीक आहे. कुणाची हरकत नाही असं नोंदवते."

इलिसापीने ते आमच्या भाषेत सांगितलं तेव्हा सगळ्यांना कळलं. आपण सांगितलेलं 'नाही' त्या यंत्रात नव्हतंच.

"आई," कुप्पाक मला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आम्ही नाही म्हणालो होतो ना?"

"म्हणाला होतात."

"मग ऐकू का येत नाही?"

"फोनला नाक दिसत नाही, बाळा."

कुणीतरी हसलं.

इलिसापीने अध्यक्षबाईंना काय ते समजावून सांगितलं. बाईंचे कान लाल झाले. त्या म्हणाल्या, "आता मी समोर आहे. पुन्हा विचारते. जहाजं येऊ द्यायची का?"

सगळ्यांनी नाक आक्रसलं. "नाही म्हणतायत," इलिसापी म्हणाली.

"एकानेही म्हटलेलं नाही," वकील म्हणाला. "हे दुभाषीबाईंचं मत झालं. नियमाप्रमाणे नोंद त्या माणसाच्या उत्तराची होते. यंत्रात एकही उत्तर आलेलं नाही."

माझा तोल गेला. त्याच्यावर नाही, आमच्याच माणसांवर. "अरे, तोंडाने बोला ना! एकदा बोला! एवढासा शब्द आहे, जीभ झिजणार आहे का?"

मघाची ती म्हातारी उभी राहिली. "ओरडू नकोस. आम्ही सांगितलंय. हिवाळ्यात सांगितलं, आत्ता सांगितलं. ज्यांना बघायचं नाही त्यांच्यासाठी आता आम्ही आमची तोंडंही बदलायची? मग उद्या काय, डोळे निळे करून येऊ?" आणि ती खाली बसली, पुन्हा नाक आक्रसून, या वेळी माझ्याकडे बघून.

मी ओशाळले, आणि तेवढ्यात राग जिथे जायला हवा तिथे गेला. मी पेल्टियरबाईंच्या टेबलापाशी गेले.

"बाई, यंत्राला आवाज हवाय ना? मग तो तुम्ही द्या. तुम्हाला डोळे आहेत. एकेकासमोर उभ्या राहा आणि जे दिसेल ते बोला."

"माझी हरकत आहे," वकील म्हणाला.

"तुमचं ऐकू आलं," बाई म्हणाल्या. त्यांनी माइक उचलला आणि टेबलाला वळसा घालून पहिल्या रांगेपाशी आल्या. आधी इलिसापीकडून माणसाचं नाव विचारायच्या, मग त्याच्या तोंडाकडे बघायच्या, मग माइकमध्ये म्हणायच्या, "नाही." पुढचा माणूस. "नाही." पुढची बाई. "नाही." पाठीवरच्या झोळीतल्या एका पोराने त्याच्या काही खाजगी कारणाने नाक आक्रसलं, बाईंनी तेही घेतलं, आणि सभागृहभर हसू पसरलं. पहिल्या रांगेत बाईंचा आवाज कचेरीतला होता. मागे येईतो तो घोगरा झाला होता. इतक्या वेळा नाही म्हणायची त्यांना बहुधा सवय नव्हती.

मग त्या कुप्पाकसमोर आल्या. त्याने नाक आक्रसलं नाही. जन्मात कधी सभेत न बोललेला माझा म्हातारा मुलगा काठीवर जोर देऊन उभा राहिला आणि बोलला.

"त्या कागदावर साउमिक लिहिलंय. ती माझी आई. ती असं बोललेली नाही. आधी ते खोडा, मग मला काय विचारायचं ते विचारा."

इलिसापीने सांगितलं. वकिलाने कपाळाला आठ्या घातल्या. "पण रोडा साउमिक तर ह्या बाई आहेत. ह्या यांच्या आई कशा असतील?"

"बसा," पेल्टियरबाई म्हणाल्या. त्याच्याकडे न बघताच.

त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. जवळून त्या आणखी थकलेल्या वाटत होत्या. "रोडा साउमिक तुम्हीच?"

मी भुवया वर केल्या.

"हो," त्यांनी माइकला सांगितलं. "जहाज येतं तेव्हा खाडीत नारव्हाल नसतात, असं तुम्ही म्हटलंय?"

मला केवढं तरी बोलायचं होतं. आठवडाभर रात्री कुशीवर वळत मी ते घोकलं होतं, लिडियार्ड, परिशिष्ट, उपग्रह, अडकलेली पोरं, सगळं. आणि मघाशी मीच सगळ्यांवर ओरडले होते. पण कुप्पाक माझ्याकडे बघत होता, आई आता काय करते म्हणून. मी नाक आक्रसलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत आक्रसलं.

"नाही," पेल्टियरबाई म्हणाल्या. मग टेबलापाशी परत गेल्या, अहवाल उघडला आणि कुप्पाकला दिसेल असा धरून माझ्या नावावर रेघ मारली.

त्या वसंतासाठी परवानगी नाकारली, हे आम्हाला रेडिओवरच कळलं. कारण दिलं होतं, की ज्या नोंदींवर अहवाल उभा आहे त्या घेणाऱ्या व्यक्तीनेच तो नाकारला आहे. कंपनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे, नवा माइक टाकणार आहे आणि नोंदी घ्यायला गावातलंच कुणीतरी शोधणार आहे. शोधा म्हणावं. या गावातलं प्रत्येक नाव कुणाची तरी आई आहे, नाहीतर बाप.